नकाशाभोवतीची सहा मुलं

छत्रपती संभाजीनगरात स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांबरोबर काम करणाऱ्या आम्ही चौघांनी १२ ते १८ वयाच्या मुलांसाठी एक गट सुरू केला. आमच्यात दोघी विशेष शिक्षिका आहेत, एक वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आणि एक मानसशास्त्रज्ञ. गट कसा उभा राहिला, काय बिघडलं आणि ते कसं दुरुस्त केलं, ते इथे लिहितो आहोत. जालना, बीड, परभणीकडचे पालक आणि शिक्षक सारखे विचारतात, "आमच्याकडं असं करायचं तर सुरुवात कुठून करायची?" हे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

मूल लहान असतं तोवर घरची सगळी धावपळ बोलणं, जेवण, शी-शू, शाळेचा प्रवेश यांत जाते. बाराव्या-तेराव्या वर्षी वेगळंच दुखणं वर येतं. आई सांगते, "लेकरू आता सगळं आपलं आपण करतंय, पण त्याला एकपण दोस्त नाही हो." वाढदिवसाला बोलवावं असं कुणी नसतं. गल्लीतली बरोबरीची पोरं क्रिकेट आणि मोबाईलमध्ये पुढे गेलेली असतात. शाळेत मधल्या सुट्टीत हा मुलगा भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या मारत असतो.

याच्यावर पूर्वी आमच्याकडे एकच औषध होतं, संभाषण कौशल्याचा तास. समोरासमोर दोन खुर्च्या, "नमस्कार, तुझं नाव काय, तुला काय आवडतं" असा सराव, आणि नजरेला नजर दिली की शाबासकी. मुलं तासात सगळं अचूक म्हणायची आणि तासाबाहेर त्यातलं एक वाक्यही कधी वापरायची नाहीत. कारण साधं होतं. त्यांना बोलायची पद्धत शिकवली होती, बोलायला विषय दिलाच नव्हता.

डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली मांडलं की समजुतीची अडचण दुहेरी असते. स्वमग्न माणसाला इतरांचं कळत नाही तितकंच इतरांनाही त्याचं कळत नाही. पुढे २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी पोचवून पाहिली. नुसत्या स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत ती नुसत्या बिगरस्वमग्न व्यक्तींच्या साखळीइतकीच नीट पोचली. गळती झाली ती मिश्र साखळीत. हे वाचल्यावर आम्ही दोन खुर्च्या समोरासमोर ठेवणं बंद केलं.

आवड शोधताना मात्र पहिल्याच पायरीवर चुकलो. मुलांना सरळ विचारलं, "तुला काय आवडतं?" उत्तरं आली "माहीत नाही" आणि "चित्रकला". चित्रकला हे बहुतेक वेळा आईने पढवलेलं उत्तर असतं. इतका मोकळा प्रश्न या मुलांना अंगावर येतो, कारण त्याचं नेमकं उत्तर कुठे संपतं ते कळत नाही. मग आम्ही विचारणं सोडलं आणि एका टेबलावर तीसेक वस्तू मांडल्या. एसटीची जुनी तिकिटं, रेल्वेचं वेळापत्रक, भिंतीवरचं कॅलेंडर, वर्तमानपत्रातली धरणसाठ्याची चौकट, कुलपं-किल्ल्या, लोकरीचे गुंडे, पंख्याचा रेग्युलेटर, वेरूळच्या ३४ लेण्यांचा आराखडा, नाणी, रबरी शिक्के अशा. मुलाला २० मिनिटं तिथे राहू द्यायचं. मोठ्या माणसाने लांब बसून तीनच गोष्टी टिपायच्या: हात आधी कशाला गेला, किती वेळ टिकला, आणि त्या वस्तूचं त्याने नेमकं काय केलं.

पालकांनाही तीन प्रश्न ठेवले. मोबाईलवर परत परत काय बघतो? घरात कशाचा ढीग साठलाय? कशावर बोलायला लागला की थांबत नाही? तिसऱ्याचं उत्तर नेहमी तक्रारीच्या सुरात येतं. "दिवसभर गाड्यांचंच पालुपद लावतो, डोकं उठतं." आम्हाला नेमकी तीच तक्रार हवी असते.

एवढ्यावरही थांबायचं नाही, आणखी एक थर खाली जायचं. आमच्या यादीत बस आवडणारी पाच मुलं निघाली, पण पाचही जणांची बस वेगळी होती. एकाला फक्त पाट्या हव्या असायच्या, कुठून कुठे आणि मार्गे कुठून. दुसऱ्याला नंबरप्लेट आणि आगार. तिसरा दाराचा आणि गिअरचा आवाज तोंडाने हुबेहूब काढायचा. चौथ्याला गाडीची बांधणी हवी होती. एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत, दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा, आणि त्यातली एक आपल्या शहरात आहे हे त्यानेच आम्हाला ऐकवलं. पाचवा वेळापत्रकवाला. 'बस आवडते' एवढीच नोंद करून पाचांना एका टेबलावर बसवलं असतं, तर त्यांचं आपसात काहीच जमलं नसतं.

सहावी मुलगी. तिच्या वहीत जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, नाथसागराचा, रोजचा साठा टक्क्यांत लिहिलेला होता, पाठीमागे जायकवाडीचे २७ दरवाजे, एकूण साठा १०२.७३ टीएमसी, त्यातला जिवंत ७६.६५. बसशी तिचा संबंध नाही म्हणून आम्ही तिला आधी बसवाल्यांच्या यादीतून वगळलं होतं. ती आमची मोठी चूक होती, पुढे येईलच. स्वमग्न मुली अशाही मागे पडतात. त्या इतरांचं बघून बघून वागणं जमवून घेतात, त्यामुळे निदानच उशिरा होतं, आणि आपल्याकडे गप्प मुलीला कुणी अडचणीतली समजत नाही.

मुलं निवडताना बुद्ध्यांक, बोलण्याची पातळी किंवा प्रमाणपत्रावरचे टक्के यांतलं काहीही धरलं नाही. दोनच गोष्टी पाहिल्या: आवडी एकमेकींना कुठे टेकतात का आणि कुणाला कोणता आवाज सोसत नाही. प्रमाणपत्र दारात मागितलंही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, ओळखपत्र काढून घ्यावंच, पण ते नाही म्हणून मूल परत जायला नको. पहिल्यांदा आम्ही हौसेने नऊ मुलं एकदम बोलावली होती. अर्ध्या तासात तीन जण बाहेर व्हरांड्यात आणि एक टेबलाखाली. सहा मुलं आणि तीन मोठी माणसं ही आमच्या खोलीची मर्यादा ठरली.

खोलीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण निम्मं यश तिथेच ठरतं. रविवारी बंद असलेल्या शाळेचा एक वर्ग मिळाला. ज्या ट्यूबचा चोक गुणगुणायचा ती काढली. पंखा किती वेगाने चालवायचा यावर रोज तणातणी होत होती, म्हणून ते काम एकाकडे सोपवलं. तो आल्या आल्या तीनवर ठेवतो आणि नंतर कुणीही हात लावत नाही. कोपऱ्यात दोरीवर जुनं गडद लुगडं टाकून आडोसा केला, आत एक सतरंजी. त्याला विसावा म्हणतो. विसाव्यात गेलेल्याला कुणीही, अगदी "बरं वाटतंय का" इतकंही विचारायचं नाही. दार कायम उघडं. टेबलं भिंतीला लावली, म्हणजे सगळी मुलं एकाच दिशेला तोंड करून खांद्याला खांदा लावून बसतात. पारावर दोन म्हातारे रस्त्याकडे बघत तासभर बोलतात, एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाहीत, आणि त्यांच्या दोस्तीबद्दल कुणाला शंका येत नाही. आमच्या मुलांना तीच बैठक मानवली. डोळे नकाशावर, बोलणं बाजूला.

वेळ आधी 'एक आड एक रविवार' ठेवली होती. पाच रविवारांचा महिना आला आणि दोघं भलत्या रविवारी शाळेच्या बंद फाटकापाशी येऊन उभे राहिले. त्यातल्या एकाचा सगळा दिवस बिघडला. त्यानंतर महिन्याचा पहिला आणि तिसरा रविवार कायम केला आणि वर्षाचं छापील कॅलेंडर प्रत्येकाच्या घरी दिलं. एरवी दहा ते साडेअकरा, एप्रिल-मे मध्ये आठ ते साडेनऊ, कारण चाळिशीपार उन्हात पत्र्याखालून आलेलं मूल दहा वाजता आधीच थकलेलं असतं. पोळा, महालक्ष्म्या, घरातलं लग्न यांनी तारीख मोडणार असेल तर दोन बैठका आधी त्या चौकटीवर मुलाच्याच हाताने काट मारून घ्यायची. आयत्या वेळी फोन करून "आज नाही" सांगणं म्हणजे पुढची बैठकही घालवणं.

गटात येण्याआधी प्रत्येक मूल एकेकटं, वीस मिनिटांसाठी येऊन गेलं. खोलीचा, जिन्याचा, संडासाचा आणि आम्हा चौघांचा फोटो आठवडाभर आधी घरी पाठवला होता. त्या भेटीत काहीच करून घ्यायचं नाही. एक जण वीसही मिनिटं जिन्यातच बसला. पुढच्या वेळी वर आला.

फळ्यावर पाच पट्ट्या लावलेल्या असतात, काम झालं की मूल पट्टी उलटी करतं. आपापलं काम २० मिनिटं, नकाशा ३५, मांडणी १५, डबा १०, आवराआवर आणि पुढची तारीख १०. पहिली वीस मिनिटं कुणी कुणाशी बोलावं अशी अपेक्षा नाही. घरून बस किंवा रिक्षाने आलेल्या मुलाला त्या वीस मिनिटांत श्वास मिळतो.

नकाशा हा गटाचा गाभा. मराठवाड्यातल्या ७६ तालुक्यांच्या गावांना जोडणारे एसटीचे मार्ग लोकरीने दाखवायचे असं ठरलं. ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका तक्ता, ८ बाय ४ फुटांचा आणून लांबी पाच फुटांवर कापली. पूर्व-पश्चिम विस्तार चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून १ सेंटिमीटर म्हणजे ३ किलोमीटर हे प्रमाण धरलं. वैजापूर ते किनवट त्यात बसतं. छापील नकाशावर ३० किलोमीटरचे चौकोन आखले, बोर्डावर १० सेंटिमीटरचे, आणि चौकोनाला चौकोन बघत सीमारेषा उतरवली. चौकोन आखायला दोन बैठका गेल्या. मोठ्यांना ते कंटाळवाणं वाटलं, मुलांपैकी कुणालाच नाही. टाचण्यांना रंगीत डोकी होती, आठ जिल्ह्यांना आठ रंग.

कामाची वाटणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांच्या पद्धतीवरून घेतली. लेगोच्या ठोकळ्यांनी खेळताना एकाने आराखडा सांगायचा, दुसऱ्याने ठोकळे पुरवायचे, तिसऱ्याने जोडायचे, असा प्रयोग त्यांनी २००४ साली प्रसिद्ध केला होता. आम्ही केलं सांगणारा, पुरवणारा, लावणारा. सांगणाऱ्याच्या हातात मार्गाची यादी असते, पण तो लोकरीला हात लावत नाही. पुरवणारा सेंटिमीटर मोजून धागा कापतो. लावणारा टाचण्यांना गुंडाळतो, त्याला यादी दिसत नाही. प्रत्येकाचं दुसऱ्यावाचून अडलं पाहिजे, हे महत्त्वाचं. नुसतं एका टेबलावर बसवून "मिळून करा" म्हटलं की सहा मुलं सहा कामं करतात.

पाळी बदलण्यात आम्ही घोळ घातला. सुरुवातीला घड्याळ लावून दर दहा मिनिटांनी कामं बदलली. घंटा वाजली तेव्हा परळी-गंगाखेड धागा निम्मा लावून झाला होता आणि लावणाऱ्याने किंचाळून बोर्डच ओढला. त्याचं चुकलं नव्हतं. एका कामात पूर्ण उतरलेलं मन मध्येच उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. स्वमग्नतेत लक्ष एका वेळी एकाच खोल पाटात वाहतं, असं डायना मरे आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलं आहे. तो पाट मध्येच फोडला की पाणी सैरावैरा होतं. आता पाळी मार्ग मोजून बदलते. दोन मार्ग पूर्ण झाले की बदल.

चौथ्या बैठकीत बीडचा धागा सैल पडला. सांगणाऱ्याने संभाजीनगर-बीड १३० किलोमीटर वाचलं, पुरवणाऱ्याने ४३ सेंटिमीटर कापला, आणि लावणाऱ्याच्या दोन टाचण्यांमध्ये अंतर निघालं जेमतेम ३७. सहा सेंटिमीटरचा झोळ. पाटीवाला म्हणाला नकाशा चुकलाय. वेळापत्रकवाला म्हणाला यादी चुकलीय. आवाज चढले. आमच्यातल्या एकीने पुढे पाऊल टाकलं आणि दुसरीने तिचा हात धरून मागे घेतलं. तो हात धरला नसता तर "भांडू नका, दोघांचंही बरोबर आहे" असं काहीतरी बोललं गेलं असतं आणि सगळं तिथेच विझलं असतं. आमचा नियम असा झाला की कुणी कुणाला मारत नसेल तर मनात वीसपर्यंत मोजायचे, आणि मग आणखी वीस. तेवढ्या वेळात आवाज काढणाऱ्या मुलाने बोट ठेवून गावं म्हणायला सुरुवात केली, "आडूळ, पाचोड, शहागड, गेवराई, बीड." धागा सरळ जात नव्हता कारण गाडी सरळ जात नाही. त्यांनी मधल्या चार गावांना बारीक टाचण्या मारल्या, आणि झोळ बराचसा वळणांत भरून निघाला. त्या मुलांचं आपसातलं पहिलं खरं बोलणं ते होतं. संभाषण कौशल्याच्या तासात कधीच झालं नव्हतं.

शहागडच्या टाचणीपाशी धरणाच्या वहीवाल्या मुलीने प्रथम तोंड उघडलं. "इथं गोदावरी पाहिजे." तिला तोवर आम्ही दुसऱ्या टेबलावर वेगळं काम दिलं होतं. पुढच्या बैठकीत तिने निळी लोकर घेऊन नदी आणि नाथसागर बसवला, आणि दरवाजे उघडले की नदीकाठचे कुठले रस्ते पाण्याखाली येऊ शकतात यावर वेळापत्रकवाल्याने तिला एकामागून एक सात प्रश्न विचारले. तेव्हा समजलं की आवड एकच असायची गरज नाही. दोन शेतांचा बांध एक असला तरी पुरतो. आता नवीन मूल आलं की आम्ही त्याच्या आवडीचा बांध बाकीच्या कुणाच्या आवडीला कुठे लागतो ते आधी शोधतो.

चुका काढणं हा या गटाचा स्थायीभाव आहे. आमच्या मुलांना चूक दिसली की बोलल्यावाचून राहवत नाही, आणि ऐकणाऱ्याला ते टोचतं. "जाऊ दे, सोड" म्हणून काही होत नाही, कारण त्यांच्यासाठी अचूकपणा सोडून देण्यासारखी गोष्टच नाही. त्यावर वादाची वही काढली. पानाच्या डाव्या अर्ध्यात एकाचं म्हणणं, उजव्या अर्ध्यात दुसऱ्याचं, खाली 'कुठे तपासणार'. उत्तर पुढच्या बैठकीत. पहिली नोंद नंबरप्लेटची. एमएच २० संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड, मग हिंगोली २७ का नाही, ३८ का? दोघांनी पंधरा दिवसांत घरी शोधून आणलं की हिंगोली जिल्हा परभणीतून निघाला तो १ मे १९९९ ला. क्रमांक वाटले गेले तेव्हा तो जिल्हा नव्हताच. या उत्तराचा आनंद दोघांनी मिळून केला. एकाने हात फडफडवले, दुसऱ्याने 'अडतीस अडतीस' चा घोष लावला. कुणीही त्यांना थांबवलं नाही.

मांडणीत बोलणाऱ्याला पाच मिनिटं मिळतात, पाच मिनिटांचं वाळूचं घड्याळ बोलणाऱ्याच्याच हातात. ऐकणाऱ्यांकडे कार्डं असतात. आधी तीन होती: 'प्रश्न आहे', 'मला यातलं आणखी माहीत आहे' आणि 'पुरे'. 'पुरे' पहिल्याच दिवशी चौघांनी एकदम वर केलं आणि बोलणारा मुलगा त्यानंतर दोन बैठका बोलला नाही. ते कार्ड काढून त्या जागी 'मी विसाव्याला जातो' ठेवलं. दोन्हींतून ऐकणाऱ्याला सुटका मिळते, पण दुसऱ्यात बोलणाऱ्याला कमीपणा येत नाही.

दोन मुलं फार कमी शब्द बोलतात. त्यांच्यासाठी ए-४ आकाराचा, लॅमिनेट केलेला २४ चौकटींचा चित्रफलक केला. पहिल्या फलकावर पाणी, भूक, संडास, घरी जायचं, दुखतंय अशी सगळी गरजेची चित्रं होती, आणि त्यांनी फलकाला बोटही लावलं नाही. पाणी मागून कुणाची कुणाशी दोस्ती होत नाही. दुसऱ्या फलकावर 'चूक', 'बरोबर', 'पुन्हा', 'माझी पाळी', 'उशीर', 'लाल गाडी', 'फलाट', 'आवाज नको', 'बघ इकडे' आले. त्याच दिवशी एकाने उदगीरच्या टाचणीकडे बघून 'चूक' वर तीनदा बोट आपटलं. मोजलं तर टाचणी एक चौकोन खाली होती. फलक आता टेबलावर सर्वांसाठी असतो आणि बोलणारी मुलंही दमली की तोच वापरतात. फक्त दोघांसाठी वेगळा ठेवला असता तर तो त्यांच्या न बोलण्याची खूण होऊन बसला असता.

भाषेचंही सांगायला हवं. वेळापत्रकवाला घरात कुणीच बोलत नाही अशा हिंदीत बोलतो, बसच्या व्हिडिओंमधून उचललेली. घरी आई मराठी, आजी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. "मराठीत बोल" असं त्याला आमच्यातल्याच एकीने पहिल्या दिवशी म्हटलं आणि तो अर्धा तास मिटून गेला. ज्या भाषेत त्याचा विषय त्याला भेटला तीच त्या विषयाची भाषा. बाकीच्या मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

बाहेरचे मदतनीस घेण्यात दोनदा फसलो. शेजारच्या शाळेतली 'गुणी' मुलं मागवली तर ती आमच्या मुलांची शिक्षक झाली, हात धरून टाचण्या मारून देऊ लागली, टाळ्या वाजवू लागली. आमची मुलं ते निमूट सहन करत होती आणि कामातून अंग काढून घेत होती. मग आम्ही त्या शाळेत एसटीचं वेड असलेला कुणी आहे का एवढंच विचारलं. नववीतला एक मुलगा आला, वर्गात मागे बसणारा, कुणी मदतनीस म्हणून निवडला नसता असा. त्याला तीनच सूचना दिल्या: एका वेळी एकच प्रश्न, उत्तरासाठी दहा सेकंद थांब, अंगाला हात लावू नको. शिवशाही आणि निमआराम यांच्या आसनांवर त्याचा आणि बांधणीवाल्याचा वाद अजून वहीत उघडा आहे.

सगळ्यात जड गेलं ते आवडीचा वापर आमिष म्हणून न करणं. सवय हाडात मुरलेली असते. "आधी सगळ्यांना नमस्कार कर, मग नकाशा." असं एकदा झालं की मुलाला कळतं की नकाशाही एक औषधच होतं, साखरेत घातलेलं. विषय हाच बैठकीचा हेतू असला पाहिजे. त्याच कारणाने पालकांना खोलीत बसवत नाही. ते मागून "सांग ना, विचार ना दादाला" असं ढोसत राहतात, मायेपोटीच, पण त्याने दोन मुलांमधलं बोलणं आईमार्गे वळतं. खालच्या वर्गात त्यांची बैठक असते, आणि तिथे पालकांना जे मिळतं त्यावर वेगळं लिहावं लागेल. घरी जाताना "आज काय शिकलास?" विचारू नका, हवं तर "कुठला मार्ग झाला?" विचारा, एवढं सांगतो.

व्हॉट्सअॅपचा गट मुलांनीच मागितला. लिहून बोलणं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना सोपं जातं, चेहरा वाचावा लागत नाही, उत्तराला वेळ मिळतो. पहिल्या रात्री एकाने १४० फोटो टाकले आणि दोघांनी गट सोडला. नियम असे ठरले: संध्याकाळी पाच ते आठ, दिवसाला दहा फोटो, फोन नंबर, घराचा पत्ता आणि आपण आत्ता कुठे आहोत ते लिहायचं नाही, अनोळखी माणसाने पैसे किंवा फोटो मागितले तर गटातल्या मोठ्याला दाखवायचं. नियम मोघम नको. 'जास्त फोटो टाकू नका' याला अर्थ नाही, 'दहा' याला आहे. पालक गटात नाहीत, आमच्यातली एक जण आहे, आणि ती आहे हे मुलांना माहीत आहे.

बाहेरची पहिली भेट मध्यवर्ती बसस्थानकाला द्यायची मुलांची इच्छा होती. तिथली गर्दी, भोंगे आणि घोषणा बघून आम्ही आधी मुकुंदवाडीचं छोटं रेल्वे स्थानक घेतलं. आदल्या रविवारी आमच्यातले दोघं त्याच वेळी तिथे उभं राहून आले, सावली कुठे पडते, बाक किती, संडास उघडा असतो का, हे बघून फोटो काढले. कानाला लावायचे मफ वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सुरक्षा साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळतात, कारखान्यातल्या कामगारांचे. कापसाच्या बोळ्याने इंजिनाचा हॉर्न अडत नाही. गाडी उशिरा येणार हे गृहीत धरून कार्डावर वेळ न लिहिता '१०.२० ते ११.२० च्या मध्ये' लिहिलं, आणि त्याखाली 'आली नाही तर ११.२० ला निघू'. नेमकी वेळ लिहिली की चाळीस मिनिटांचा उशीर हा फसवणूक ठरतो.

हॉर्नची भीती वाटणारे तिघं होते. हॉर्न मोठा असतो यापेक्षा तो अचानक येतो हा त्रास जास्त. सिग्नल बदलला की गाडी येणार, हे नंबरप्लेटवाल्याला पाठ होतं. त्याने फलाटाच्या टोकाकडे नजर ठेवायची आणि सिग्नल पडला की हात वर करायचा, मग बाकीच्यांनी मफ चढवायचे, असं मुलांनी आपसात ठरवलं. आम्ही सुचवलं नव्हतं. परतताना एकाने त्याला विचारलं की पुढच्या वेळीही तूच हात वर करणार ना. आमच्या नोंदवहीत त्या दिवशी तेवढं एकच वाक्य आहे.

नोंदवहीत नजर किती वेळा मिळाली, किती वाक्यं बोलला असलं काही नसतं. दर बैठकीला तीन गोष्टी: मोठ्या माणसावाचून कुणी कुणाला काही दाखवलं, विचारलं किंवा दिलं का, विसाव्यात गेलेला आपणहून परत आला का, पुढची तारीख कुणी विचारली. सहा-सात बैठका बरेचदा काहीच दिसत नाही, आणि तिथेच बरेच गट बंद पडतात. बारा बैठकांची, म्हणजे सहा महिन्यांची तयारी ठेवूनच सुरू करावं.

गळतीची कारणं बहुतेक वेळा मुलात नसतातच. पैठण तालुक्यातल्या एका मुलाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि तो आजीजवळ राहतो. आजीला त्याला शहरात आणणं झेपत नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यामुळे त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या मुलाची आई त्यालाही घेऊन येते. ती नसेल त्या वेळी गटातून त्याला पोस्टकार्ड जातं, त्या दिवशी जोडलेले मार्ग आणि सेंटिमीटर लिहिलेलं. दुसरं काही नाही. त्याने सगळी कार्डं क्रमाने लावून ठेवलीत असं आजी सांगते.

पावसाळ्यानंतर पाटीवाला आणि वेळापत्रकवाला यांनी दोघांनीच भेटायचं मागितलं. आम्ही नको, गट नको. ठिकाण त्यांनी निवडलं तेच, मध्यवर्ती बसस्थानक, पण सकाळी सातला, गर्दीच्या आधी. वेळ ४५ मिनिटं. एकाचे वडील चहाच्या टपरीवर, दिसतील इतक्या अंतरावर. सोबत पाण्याची बाटली, मफ, वही, घरचा नंबर लिहिलेलं कार्ड. वडिलांनी नंतर सांगितलं की दोघं बाकावर शेजारी बसले, एक पाटी वाचायचा, दुसरा वेळ लिहायचा, ३१ गाड्या झाल्या, आणि मधे बोलणं असं काही झालंच नाही. पावणेआठला दोघं उठले. वेळापत्रकवाल्याने वही बंद केली आणि म्हणाला, "अगले टाइम फलाट सात से." दुसऱ्याने कॅलेंडर काढून तारखेवर खूण केली.